आजींची सकाळ : पलंगापासून मोरीपर्यंत

मुळशीत पावसाळा लागला की अंगणातल्या फरशीवर शेवाळ धरतं, पडवी ओलसर राहते आणि म्हाताऱ्या माणसांचा पाय घसरायची भीती वाढते. त्यातच सकाळी कुणाला हिंजवडीची बस गाठायची असते, कुणाला पिरंगुटच्या कारखान्यात पोचायचं असतं. आजींना भरभर उठवून, भरभर आंघोळ घालून मोकळं व्हावंसं वाटतं. गडबड होते ती इथंच. तेव्हा पंधरा मिनिटं आधी उठावं आणि एकेक पायरी सावकाश घ्यावी.

आधी उठवणं. आपण त्यांचे दोन्ही हात धरून ओढतो किंवा काखेत हात घालून उचलतो. यात त्यांचा खांदा दुखावतो आणि आपली कंबर धरते. त्याऐवजी त्यांना कुशीवर वळू द्यावं. पाय पलंगाखाली सोडले की कोपरावर जोर देऊन त्या बऱ्याचदा स्वतःच उठून बसतात. आपला हात फक्त पाठीशी असावा.

बसल्यावर लगेच उभं करू नये. झोपलेलं माणूस एकदम उभं राहिलं की रक्तदाब अचानक उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर हे जास्तच होतं. दोन मिनिटं पाय लोंबते ठेवून बसू द्यावं, गप्पा माराव्यात, चक्कर येत नाही ना ते विचारावं.

उभं राहताना त्यांनी पलंगाच्या कडेशी सरकावं, पावलं थोडी मागे घ्यावीत आणि पुढे वाकावं. पुढे न वाकता सरळ वर उठायला गेलं की माणूस पुन्हा मागे बसतं. चालताना आपण त्यांच्या कमजोर बाजूला, किंचित मागे राहावं. जुन्या घरांत उंबरे उंच असतात. उंबरा चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी.

आता मोरी. इथं मी सर्वांत जास्त जपायला सांगेन. शेवाळ आदल्या दिवशीच घासून काढावं. बसायला साधी प्लास्टिकची खुर्ची नको, तिचे पाय ओल्या फरशीवर सरकतात. पायांना रबरी टोपणं असलेलं भक्कम स्टूल घ्यावं. भिंतीत एक लोखंडी कडी पक्की बसवून घ्यावी, कारण नळ किंवा टॉवेलची दांडी धरली तर ती निखळून हातात येते.

पाणी आपल्या कोपरानं तपासावं. मधुमेह असेल तर पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, मग चटका बसला तरी त्यांना कळत नाही. डोक्यावर एकदम तांब्या ओतण्याऐवजी पायांपासून सुरुवात करावी. हात-तोंड, छाती जमेल तितकी त्यांची त्यांनाच धुऊ द्यावी. वेळ लागेल, लागू द्यावा. जे काम आपण हातातून काढून घेतो ते काही महिन्यांत त्यांना खरोखरच जमेनासं होतं, असं माझं ठाम मत आहे. बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, ओलीत चिखल्या होतात.

पक्षाघात, म्हणजे अर्धं अंग लुळं पडणं, झालेला असेल तर कपडे घालताना लुळा हात बाहीत आधी घालावा, काढताना शेवटी काढावा. उलट केलं की दोघांचीही ओढाताण होते.

न्याहारी नेहमी ताठ बसवून द्यावी, हनुवटी किंचित खाली. आडवं ठेवून भरवलं तर घास किंवा पाणी श्वासनलिकेत जातं. रोज ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगावंच. सारखं लघवीला उठावं लागतं म्हणून बरीच म्हातारी माणसं पाणीच पीत नाहीत, त्याकडेही लक्ष असू द्यावं.

आता साधनांच्या खर्चाचं. राज्य सरकारच्या 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या आणि वर्षाला 2 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ज्येष्ठांना काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी 3000 रुपये ठेवले आहेत. पौडच्या तालुका कचेरीत चौकशी करून ठेवावी.

आणि पडल्याच तर? झटकन उचलू नये. कुठं दुखतंय ते विचारावं. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचं हाड मोडलं असण्याची शक्यता असते. तसंच पडून राहू द्यावं, अंगावर गोधडी घालावी आणि 108 ला फोन करावा. ताम्हिणीच्या बाजूला फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून गावातल्या गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा, आजींनाही वाचता येईल एवढ्या.