डावी लेन कोणाची?

(अहमदपूर येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



गेल्या वेळी आम्ही ‘कर्तव्य म्हणजे काय’ या विषयावर बोललो. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतला एक तरुण उठला आणि म्हणाला, “सर, कांट वगैरे ठीक आहे. पण हायवेवर उजवी लेन धरून बसलेल्या ट्रकचं काय करायचं?” सभागृह हसलं, आम्हीही हसलो. घरी गेल्यावर मात्र वाटलं, पोरानं प्रश्न बरोबर जागी मारलाय. कर्तव्याची परीक्षा जिथे रोज होते आणि नापास झालं तर जीव जातो, अशी आपल्या गावाजवळची जागा कोणती, तर हा रस्ता. म्हणून आज तोच विषय घेतलाय.

तुळजापूरहून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला जातो. इथून लातूर काय आणि नांदेड काय, साधारण सत्तर किलोमीटर. लेकरांचे क्लास लातूरला, मोठा दवाखाना लातूरला नाहीतर नांदेडला. म्हणजे या रस्त्यावर आपल्यातलं कोणी ना कोणी रोज असतंच.

आधी शब्दांचा एक घोळ मिटवू. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत ती सांगतात, “तिकडे डावी लेन मोकळी सोडतात.” ते खरं आहे, कारण तिकडे वाहतूक उजवीकडून चालते. आपल्याकडे चित्र आरशातल्यासारखं उलटं आहे. आपण डावीकडून चालतो, म्हणून दुभाजकाला लागून असलेली उजवी लेन ही ओव्हरटेकची. नियम एकच आहे: नेहमी कडेच्या लेनमधून चालावं, पुढच्याला ओलांडायचं असेल तेव्हा आतल्या लेनमध्ये यावं आणि ओलांडून झालं की परत कडेला जावं.

यातला कुठला भाग नुसता संकेत आहे आणि कुठल्या भागाला कारण आहे, हे वेगळं करून पाहायला हवं. डावीकडून चालायचं की उजवीकडून, हा संकेत. स्वीडनमध्ये ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे सगळ्या देशानं डावी बाजू सोडून उजवी धरली. जग बुडालं नाही. डेव्हिड लुईस नावाच्या तत्त्वज्ञानं १९६९ मध्ये संकेतांवर एक अख्खा ग्रंथ लिहिला, त्यात हे रस्त्याच्या बाजूचं उदाहरण आहे. सगळे एकाच बाजूनं चालले म्हणजे झालं, बाजू कोणतीही असो.

पण हळू जाणाऱ्यानं कडेला राहावं, हा नुसता संकेत नाही. त्याला कारण आहे. रस्त्यावर माणूस येतो कुठून? कडेनं. गावाचा फाटा, पेट्रोल पंप, ढाबा, शेताची वाट, सगळं कडेला. जो आत्ताच रस्त्यावर चढला किंवा आता उतरणार आहे, त्याचा वेग कमी असणार. त्याला कडेलाच जागा हवी. हे जपानमध्येही खरं आणि जर्मनीतही खरं.

आता वेगाकडे येऊ. केंद्र सरकारनं २०१८ च्या अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला ताशी १०० किलोमीटर आणि मालवाहू गाडीला ८० ही कमाल मर्यादा ठेवली; द्रुतगती मार्गावर मोटारीला १२०. पुढे २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं ही वाढ रद्द ठरवली. वाद असा होता की रस्ते सुधारले, इंजिनं सुधारली, मग वेग का वाढवू नये? आम्ही त्यात एकच प्रश्न घालतो: माणसाचे डोळे आणि पाय सुधारले का? आपल्यापुरता नियम सोपा ठेवा. त्या ठिकाणचा फलक जो आकडा सांगेल, तो आपला.

थोडं गणित करू. सत्तर किलोमीटर अंतर ८० च्या वेगानं गेलात तर साधारण ५३ मिनिटं लागतात. १०० नं ४२ आणि १२० नं ३५. म्हणजे १०० चा १२० केला तर लातूरपर्यंत सात मिनिटं वाचतात, तेही वाटेत एकदाही ब्रेक लागला नाही तर. आता थांबण्याचं अंतर बघा. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरू. कोरडा रस्ता, चांगले टायर. ८० च्या वेगात गाडी थांबायला सुमारे ७० मीटर लागतात, १०० ला जवळपास १००, आणि १२० ला १३० च्या आसपास. धडकेची ऊर्जा तर वेगाच्या वर्गानं वाढते. ८० चा १२० केला की ती सव्वादोनपट होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रस्त्यावरचा सरासरी वेग एक टक्क्यानं वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. सरकारी अहवालात त्यातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यूंपुढे कारण लिहिलंय, अतिवेग.

वेगाइतकाच महत्त्वाचा असतो दोन गाड्यांच्या वेगातला फरक. लेनचा सगळा प्रश्न तिथे आहे.

समजा एक ट्रक ७८ नं चाललाय आणि मागचा ट्रक ८० नं. मागच्याला वाटतं, ओलांडावं. पुढच्याच्या मागून निघून सुरक्षित अंतरावर परत डावीकडे यायचं म्हणजे त्याला पुढच्यापेक्षा साधारण १०० मीटर जास्त जावं लागेल. वेगातला फरक ताशी दोन किलोमीटर. हिशेब केला तर तीन मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात दोघांनी मिळून चार किलोमीटर रस्ता अडवलेला असतो. जर्मन लोक याला हत्तींची शर्यत म्हणतात. मागे दहा गाड्या साचतात. अकरावा कंटाळतो, आधी हॉर्न वाजवतो, मग अप्पर मारतो, शेवटी डावीकडून घुसतो. ट्रकच्या ड्रायव्हरला डावीकडचं सगळ्यात कमी दिसतं, कारण तो उजवीकडे बसलेला. त्याच क्षणी तो डावीकडे आला तर संपलं.

यात दोष कोणाचा? डावीकडून घुसणाऱ्याचा तर आहेच. पण तीन मिनिटं उजवी लेन धरणाऱ्यानं ती परिस्थिती तयार केली. कांटची कसोटी लावून पाहा: मी जसं वागतोय तसं सगळेच वागले तर चालेल का? सगळ्यांनीच उजवी लेन धरली तर चौपदरी रस्ता दुपदरी होतो आणि ओव्हरटेकची सोय उरतच नाही. सरकारनं पैसा घालून वाढवलेला रस्ता आपण सवयीनं पुन्हा अरुंद करतो.

आमच्या लहानपणी पांदणीत दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की रिकामी गाडी बाजूला व्हायची, भरलेलीला वाट द्यायची. तिथे ना फलक होता ना पोलीस. आणि शेजारून उसनं भांडं आणलं तर काम झालं की परत द्यायचं, एवढी समज प्रत्येक घरात होती. उजवी लेन ही उसनी असते. ओलांडण्यापुरती घ्यायची आणि परत करायची.

इथवर सगळं सरळ वाटतं. आम्हालाही वाटत होतं. आता एक आमचाच अनुभव सांगतो.

गाळपाचे दिवस होते. लातूरहून रात्री परत येत होतो, गाडी पुतण्या चालवत होता. चाकूर सोडलं तरी तो उजवीच लेन धरून. आम्ही त्याला उपदेश केला, अगदी आत्ता तुम्हाला केला तसाच. बिचाऱ्यानं ऐकलं आणि डावीकडे घेतली. पाच मिनिटं झाली नसतील. समोर एकदम काळोखाची भिंत. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रेडियम. ब्रेक लागला, गाडी हातभर अंतरावर थांबली. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग पुतण्या म्हणाला, “काका, आता सांगा, डावीकडून चालवू?”

आम्हाला उत्तर सुचलं नाही. नंतर हिशेब केला. ट्रॅक्टर ताशी २० नं, मोटार १०० नं. फरक ८० चा, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. डिपरच्या उजेडात पुढचे पन्नास-साठ मीटर दिसतात. दिसल्यापासून धडकेपर्यंत तीन सेकंदही नाहीत. त्यातला दीड सेकंद पाय हलायलाच जातो.

तेव्हा कळलं की उजवी लेन धरणारा प्रत्येक जण उद्धट नसतो. पुष्कळ जण घाबरलेले असतात. डावीकडे काय काय असतं ते आठवा. ढाब्यासमोर उभे केलेले ट्रक, पंक्चर झालेल्या गाडीभोवती लावलेले दगड, जे गाडी गेल्यावरही तसेच राहतात. रॉंग साइडनं येणारी मोटारसायकल, जनावरं, कडेला वाळत घातलेलं सोयाबीन. मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा पायी चालणारी माणसं याच रस्त्याच्या कडेनं जातात. ड्रायव्हर दहा वेळा डावीकडे दचकला की अकराव्या वेळी तो तिकडे जातच नाही.

मग डावी लेन कोणाची? कायदा म्हणतो, सगळ्यांची. जमेल तितकं डावीकडून चला. प्रत्यक्षात ती गावाची झालीय. आणि गावाचाही त्यात दोष म्हणता येत नाही, कारण गाव आधी होतं, रस्ता नंतर रुंद झाला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धीवर दोन्ही बाजूंना कुंपण आहे. ट्रॅक्टर, मोटारसायकल आत येत नाही. तिथल्या ड्रायव्हरला डावीकडे राहा म्हणून बजावता येतं. आपल्या रस्त्यावर नुसतं बजावून भागत नाही.

डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञानं दोन माणसांच्या नावेचं उदाहरण दिलंय. दोघं वल्ही मारतात, एकमेकांना वचन दिलेलं नसतं, तरी नाव चालते. कारण दुसरा मारतोय हे प्रत्येकाला दिसत असतं. आमच्या मते आपल्या रस्त्यावर हेच तुटलंय. ट्रॅक्टरवाल्याला वाटतं, मोटारवाले मस्तीत चालवतात, मी एकट्यानं रेडियम लावून काय होणार? मोटारवाल्याला वाटतं, ट्रॅक्टरला दिवा नसणार, मी डावीकडे का जाऊ? दोघांचं म्हणणं खरं आहे आणि दोघांमुळेच ते खरं राहिलंय.

सुरुवात कोणीतरी एकट्यानंच करायची असते. दिवसा, समोरचं लांबवर दिसत असेल तेव्हा डावी लेन धरा. आरशात मागची गाडी जवळ येताना दिसली की इंडिकेटर देऊन बाजूला व्हा. रात्री डावीकडे वेग इतकाच ठेवा की उजेडात दिसतंय तेवढ्या अंतरात गाडी थांबेल. हिशेब केलात तर तो साठ-सत्तरच्या वर जात नाही. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी ट्रॉलीला मागून लाल रेडियमची पट्टी लावा, दोन्ही कोपऱ्यांना, म्हणजे रुंदी कळते. खर्च एका जेवणाइतका. आम्ही पुतण्यासोबत गेलो आणि आमच्या वाटेकऱ्याच्या ट्रॉलीला लावून आलो. तो म्हणाला, “सर, एवढ्यासाठी आलात?” एवढ्यासाठीच गेलो होतो.

प्रश्न : सर, मी शंभरनं उजव्या लेनमध्ये आहे. मागचा एकशेवीसनं येतो आणि अप्पर मारतो. कायदा तो मोडतोय. मी का सरकावं?

उत्तर : त्याचा वेग मोजणं पोलिसांचं काम आहे, तुमचं नाही. डावीकडे जागा असेल तर तुम्ही तिथे असायलाच हवं होतं. तो आला म्हणून नाही, आधीपासूनच. तुम्ही अडवलंत म्हणून तो सावकाश होत नाही, तो डावीकडून जातो. शिवाय मागे कोणी पेशंट घेऊन निघालंय का, हे तुम्हाला कुठे माहीत असतं? मात्र कोणी ओलांडत असताना आपला वेग वाढवायचा नाही, हा नियम लक्षात ठेवा. तो पुष्कळांना माहीतच नाही.

प्रश्न : सर, आमचं वावर रोडच्या पल्याड हाय. दुभाजकाचा कट दोन किलोमीटरवर. रॉंग साइडनं नाही गेलो तर रोज चार किलोमीटरचा फेरा पडतो. तुम्हीच सांगा काय करावं?

उत्तर : तुमची अडचण खरी आहे, आणि ती रस्ता आखताना कोणीतरी बघायला हवी होती. सर्व्हिस रोड, खालून जायची वाट, हे मागणं तुमचा हक्क आहे. ग्रामसभेत ठराव करा, अर्ज आम्ही लिहून देतो, आजच बसू. पण तोवर फेराच घ्या. समोरून येणारा शंभरनं असतो, तुम्ही चाळीसनं. दोघांचे वेग जोडले जातात, एकशेचाळीस. मागून येणाऱ्या गाडीपासून पळायला थोडी तरी जागा असते, समोरून येणाऱ्यापासून नसते. चार किलोमीटरचं पेट्रोल लागेल, ते लागू द्या.