एका पाटीवर चार शलाका

२८ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी अवघी १०.७ मिलिमीटर, म्हणून रांगेतील अँटेनांमध्ये तिच्या निम्मे अंतर ठेवावे या शिरस्त्याने साडेपाच मिलिमीटरांचीही मुभा मिळत नाही, आणि एवढ्या तोकड्या जागेतून एकाच वेळी चार दिशांना चार शलाका सोडावयाच्या असतात.

१९६१ साली जेसी बटलर आणि राल्फ लो यांनी प्रसिद्ध केलेली योजना अजूनही प्रयोगशाळेत पहिल्याने हाती घेतली जाते. चार हायब्रिड आलेली शक्ती निम्मीनिम्मी वाटून एका वाट्याची कला नव्वद अंश मागे ढकलतात, दोन वाटा आणखी पंचेचाळीस अंशांचा विलंब करतात, आणि ज्या द्वारातून शक्ती सोडावी त्याप्रमाणे शेजारच्या अँटेनांत ४५ किंवा १३५ अंशांचे कलांतर पडून शलाका मध्यरेषेपासून डावीउजवीकडे साडेचौदा किंवा सुमारे साडेअठ्ठेचाळीस अंश कलते. यंत्रात फिरणारे काहीच नसते. चारही द्वारे एकदम कामास लावता येतात.

कागदावर ही व्यवस्था निर्दोष; पाटीवर मात्र पाव मिलिमीटर जाडीच्या थरात लहर आणखी आखडून सुमारे आठ मिलिमीटरांची होते, म्हणजे तांब्याच्या रेषेच्या लांबीत एक दशांश मिलिमीटरचा फेरफार झाला की कलेचा साडेचार अंशांचा हिशेब चुकतो. हायब्रिडची भुजा जेमतेम दोन मिलिमीटर लांब आणि मुख्य रेषा सव्वा मिलिमीटर रुंद असल्याने मधली पोकळी मिलिमीटरभरही उरत नाही. त्यातून दोन रेषांना एकमेकींस ओलांडावे लागते. शेतातले दोन पाट एकाच पातळीवर छेदून एकाचे पाणी दुसऱ्यात मिसळू न देण्याइतके हे अवघड. दोन हायब्रिड पाठोपाठ जोडले की ते साधते, पण प्रत्येक ओलांडणीत थोडी शक्ती खर्ची पडतेच. आराखड्याचा बहुतेक वेळ याच घासाघाशीत जातो, आणि माझ्या मते खरी कारागिरीही तेथेच आहे. (जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात पाच मिलिमीटरच्या लहरी हाताळल्या होत्या, हे आठवले की आपल्या तक्रारी आपोआप ओशाळतात.)

मोजमाप फेसाच्या काळ्या सुळक्यांनी मढविलेल्या कोठडीत होते. पाटी फिरत्या चौथऱ्यावर बसते, पडद्यावर शलाकेचे चित्र उमटते, आणि आतल्या दोन शलाका नेटक्या निघाल्या तरी बाहेरच्या दोन हटकून दुबळ्या भरतात, कारण तितक्या तिरप्या दिशेला मुळात प्रत्येक अँटेनाच कमी बोलते. त्यांच्या बाजूचे नको असलेले कान मात्र मोठे होतात.

आठ शलाकांसाठी बारा हायब्रिड आणि ओलांडण्यांचे जंजाळ लागते. म्हणून चारांपर्यंत बटलरची वाट धरावी. त्यापुढे रॉटमन आणि टर्नर यांनी १९६३ साली मांडलेली लेन्स पत्करावी, हाच माझा कौल आहे.