सहा पृष्ठभागांची किमया

काच आणि हवा जिथे भेटतात, तिथे दर वेळी सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. १९३२ मध्ये भिंगांवर परावर्तनरोधक लेप नव्हते; काचा वाढल्या की चित्र फिकट पडे. लुडविग बेर्टेले यांनी कॉन्टॅक्स कॅमेऱ्याच्या ५० मिमी ‘सोनार’ भिंगासाठी सात काचा घेतल्या, पण चिकटवून त्यांचे तीनच गट केले. हवेला भिडणारे पृष्ठभाग उरले फक्त सहा! एफ १.५ इतकं मोठं छिद्र, तरी चित्र ठसठशीत. मला ही त्या काळातली सर्वांत देखणी युक्ती वाटते. मागची काच फिल्मच्या अगदी जवळ जाते. कॉन्टॅक्ससारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात हलता आरसा नसतो, म्हणून हे जमलं. जुनं सोनार हाती आलं, तर आधी उजेडात धरा आणि काचांमधला डिंक सुटलेला नाही ना, ते पाहा.