यूपीएस घेताना ‘व्हीए’ नव्हे, ‘वॉट’ पाहा

वीज गेली की पंखा थांबतो आणि वीज आली की पुन्हा फिरू लागतो. संगणकाचे तसे नसते. प्रबंधाचे न साठवलेले प्रकरण, दुकानाचा अर्धवट नोंदलेला हिशेब क्षणात नाहीसा होतो. हार्ड डिस्कवर नोंद चालू असतानाच वीज तुटली, तर आधी साठवलेली फाइलही बिघडू शकते. त्यामुळे घरच्या संगणकाला यूपीएस हवाच. मात्र ‘सहाशेचा द्या’ एवढेच सांगून तो आणण्याची भारनियमनाच्या काळापासूनची सवय सोडायला हवी.

हे सहाशे म्हणजे ‘व्हीए’, वॉट नव्हेत. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात बहुधा ३६० वॉट किंवा त्याहूनही थोडा कमी भार पेलतो. हा आकडा यंत्राच्या मागे बारीक अक्षरांत असतो आणि दुकानदार तो आपणहून दाखवतोच असे नाही. साधा संगणक व एलईडी मॉनिटर मिळून शंभर-सव्वाशे वॉट घेतात, त्यांना तो पुरतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक मात्र तीनशे-चारशे वॉटच्याही पुढे जाऊ शकतो.

वीज किती वेळ पुरेल, हे बॅटरीवर अवलंबून असते. अशा यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते. म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास. शंभर वॉटला ती पाऊण तासाहून अधिक चालावी, असे गणित सांगते. पण वेगाने उपसल्यास शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण क्षमता देत नाही. नव्या बॅटरीवरही पंधरा-वीस मिनिटेच हाती धरावीत. काम साठवून संगणक रीतसर बंद करायला ती पुरेशी आहेत. तासभर काम करायचे असेल तर मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टरच हवा. तोही ‘यूपीएस मोड’ असलेला, नाहीतर वीज बदलण्याच्या क्षणी संगणक पुन्हा सुरू होतो.

संध्याकाळी जिथे दिव्यांचा उजेड मंदावतो, तिथे ‘लाइन इंटरॅक्टिव्ह’ प्रकार घ्यावा. तो कमी-जास्त व्होल्टेज बॅटरी न वापरताच सावरतो. संगणकाचा पॉवर सप्लाय ‘अ‍ॅक्टिव्ह पीएफसी’ असलेला असेल, तर शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस महाग असला तरी तोच पाहावा; स्वस्त यंत्राच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या लहरीवर असा संगणक ऐनवेळी बंद पडू शकतो. लेझर प्रिंटर यूपीएसला कधीही जोडू नये. त्यातील हीटर एकाएकी मोठा भार टाकतो. राउटर मात्र जरूर जोडावा.

बॅटरी साधारण दोन-तीन वर्षे टिकते, बंदिस्त कपाटात उष्णतेमुळे त्याहून कमी. म्हणून ती सहज बदलता येते का, हे खरेदीच्या वेळीच विचारावे. अधूनमधून काम साठवून भिंतीवरील बटण बंद करावे आणि यूपीएस किती मिनिटे तग धरतो ते पाहावे. जुन्या बॅटरीत शिसे असते. ती कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती वेगळी ठेवून संकलन किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच द्यावी लागते. अनेक विक्रेते नव्या बॅटरीच्या किमतीत जुनीचे पैसे वळतेही करून देतात.