दहा लाखांत फक्त ३.४ चुका!

९९ टक्के बिनचूक काम ऐकायला झकास वाटतं. पण दहा लाख कामांमागे त्यात दहा हजार चुका होतात! 'सिक्स सिग्मा' पद्धतीला चालतात फक्त ३.४. मोटोरोला कंपनीतले इंजिनिअर बिल स्मिथ यांनी ती १९८६ मध्ये मांडली. १९९५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख जॅक वेल्च यांनी ती आपल्या कंपनीत आणली आणि जगभर तिचा बोलबाला झाला.

खरी गंमत त्या आकड्यातच आहे. सिग्मा म्हणजे कामातल्या चढउताराचं माप; चुकीची हद्द सरासरीपासून अशी सहा मापं दूर असली, की झाले सहा सिग्मा. काटेकोर गणिताने सहा सिग्माला अब्जात दोनच चुका बसतात. मग ३.४ आले कुठून? यंत्र झिजतं, कच्चा माल बदलतो, माणूस थकतो. त्यामुळे कालांतराने काम दीड सिग्माने घसरेल, असं आधीच धरलेलं आहे. म्हणजे ३.४ हा खरं तर साडेचार सिग्माचा आकडा! या 'दीड'वरून संख्याशास्त्रज्ञांत वाद आहेत. मला मात्र माणसाच्या थकव्याचा हिशेब ठेवणारं हे गणित मनापासून आवडतं.

इथे तज्ज्ञांना कराटेसारखे पट्टेही असतात: ग्रीन बेल्ट, ब्लॅक बेल्ट. कामाचे टप्पे पाच: समस्या नेमकी मांडा, मोजा, कारण शोधा, सुधारा, सुधारणा टिकवा. उपायाचा नंबर थेट चौथा! 'मला वाटतं'ला आधीच्या तिन्ही टप्प्यांत थारा नाही, आणि पद्धतीची सगळी ताकद यातच आहे.

या पद्धतीचं मूळ आणखी जुनं. १६ मे १९२४ रोजी अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी आपल्या साहेबांना जेमतेम पानभर टिपण दिलं. त्यात एक आलेख होता; गुणवत्ता नियंत्रणाचा पहिला 'कंट्रोल चार्ट' तो हाच. हेच शूहार्ट १९४७-४८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून भारतातही येऊन गेले.

आणि आपले मुंबईचे डबेवाले? 'फोर्ब्स'ने त्यांना सिक्स सिग्माचं प्रमाणपत्र दिलं, असं सर्रास सांगितलं जातं. तसं प्रमाणपत्र दिलेलंच नाही. 'फोर्ब्स'मधल्या डबेवाल्यांवरच्या १९९८ च्या लेखात आपण हा शब्दही वापरला नव्हता, असं लेखकानेच पुढे स्पष्ट केलं. त्यामुळे डबेवाल्यांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यांच्या कामावर केस स्टडी केली, ती काही उगाच नाही. झाकणावरचे रंग, अक्षरं आणि आकडे पाहून डबा कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर न्यायचा, हे त्यांना कळतं. म्हणून मुलांना डबेवाल्यांची गोष्ट सांगाल, तेव्हा प्रमाणपत्राऐवजी त्या खुणांचीच सांगा.