नाताळचा कागदी तारा

नाताळचा कागदी तारा हा बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर रंगीत कागद चिकटवून किंवा जाड कागदाला घड्या घालून तयार केलेला, ताऱ्याच्या आकाराचा कंदील होय. महाराष्ट्र व गोवा येथील ख्रिस्ती कुटुंबे डिसेंबर महिन्यात हा तारा घराच्या दर्शनी भागी, ओटीवर, सज्जात किंवा अंगणातील झाडाला टांगतात. येशू ख्रिस्ताच्या जन्मसमयी पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांना दिसलेल्या ताऱ्याचे तो प्रतीक मानला जातो. रचना, साहित्य आणि कारागिरी या दृष्टींनी तो दिवाळीतील आकाशकंदिलाचा जवळचा नातलग आहे. त्याचा आशय मात्र बायबलमधील जन्मकथेतून आलेला आहे. परिचित स्थानिक माध्यमातून ख्रिस्ती श्रद्धा व्यक्त करण्याची जी परंपरा मराठी प्रदेशात दिसते, तिचे हा तारा एक घरगुती उदाहरण होय.

नावे

मराठीत या कंदिलाला 'नाताळचा तारा', 'चांदणी' किंवा नुसते 'स्टार' असे म्हणतात. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज 'नाताल' म्हणजे जन्म या शब्दावरून मराठीत व कोकणीत रूढ झाला. गोव्यातील कोकणी भाषक ताऱ्याला 'नखेत्र' म्हणतात. हा शब्द संस्कृत 'नक्षत्र' शब्दाचा तद्भव आहे.

धार्मिक संदर्भ

ताऱ्याची कथा नव्या करारातील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात येते. पूर्वेकडील ज्ञानी पुरुष, ज्यांना मराठी बायबलमध्ये 'मागी' म्हटले आहे, एका ताऱ्याच्या मार्गदर्शनाने बेथलेहेमला पोहोचले. तेथे त्यांनी बाळ येशूला सोने, ऊद आणि गंधरस अर्पण केले, असे या अध्यायात सांगितले आहे. इतर तीन शुभवर्तमानांत हा प्रसंग नाही. तारा पाच टोकांचा होता की सहा, त्याला शेपटी होती की नाही, याविषयी मूळ कथा काहीही सांगत नाही. ज्ञानी पुरुषांची संख्याही तेथे दिलेली नाही. तीन भेटवस्तूंवरून ती तीन मानण्याची प्रथा नंतर पडली.

त्यामुळे ताऱ्याचे रूप कलावंतांनी व कारागिरांनी आपापल्या कल्पनेनुसार घडवले. इटलीतील पादुआ येथील स्क्रोव्हेन्यी चॅपेलमध्ये जॉत्तो या चित्रकाराने चौदाव्या शतकाच्या आरंभी हा तारा धूमकेतूच्या रूपात रंगवला. आजही अनेक कागदी ताऱ्यांना लांब शेपटी जोडलेली असते, ती या धूमकेतूच्या कल्पनेशी जुळणारी आहे.

पश्चिमेकडील ख्रिस्ती पंथांत नाताळपूर्वीच्या सुमारे चार आठवड्यांना आगमनकाळ म्हणतात. या काळात टांगलेला तारा बहुधा ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे प्रकटीकरणाच्या सणापर्यंत ठेवला जातो. हा सण ज्ञानी पुरुषांच्या भेटीचे स्मरण म्हणून पाळतात. गोव्यातील रेइश मागुश, चांदर आणि कांसावली येथे तो 'तीन राजांचे फेस्त' म्हणून साजरा होतो. येथील 'रेइश मागुश' या पोर्तुगीज नावाचा अर्थच 'ज्ञानी राजे' असा आहे.

इतर देशांतील कागदी तारे

कागदी तारा टांगण्याची प्रथा जगात अनेक ठिकाणी आहे. जर्मनीतील निस्की येथील मोरावियन पंथाच्या शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भूमितीच्या अभ्यासातून बहुकोनी कागदी तारा तयार झाला. पुढे त्याच पंथाचे केंद्र असलेल्या हेर्नहूट या गावी त्याचे व्यावसायिक उत्पादन सुरू झाले. फिलिपिन्समध्ये बांबू आणि पातळ कागदापासून केलेल्या पंचकोनी ताऱ्याला 'पारोल' म्हणतात. हे नाव कंदील या अर्थाच्या 'फारोल' या स्पॅनिश शब्दावरून आले आहे. जर्मन तारा घन भूमितीवर आधारलेला आहे, तर फिलिपिन्समधील तारा बांबूच्या सांगाड्यावर. महाराष्ट्रातील हाताने केलेला तारा रचनेच्या दृष्टीने दुसऱ्या प्रकाराच्या अधिक जवळ जातो, कारण दोन्ही प्रदेशांत बांबू सहज उपलब्ध असतो.

मराठी परंपरेतील स्थान

ख्रिस्ती आशय मराठी रूपांतून मांडण्याचा प्रयत्न साहित्यात फार पूर्वी सुरू झाला. इंग्लंडमधून गोव्यात आलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी बायबलमधील कथा मराठी ओवीत गुंफल्या. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे तीन शतकांनंतर कवी नारायण वामन टिळक यांनी अभंग, भजन व कीर्तन या रूपांचा ख्रिस्ती भक्तीसाठी उपयोग केला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांचे बरेचसे कार्य अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे झाले. चित्रकलेत गोव्यात जन्मलेले आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी हीच दिशा धरली. पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी कागदावर जलरंगात येशूची व मरियेची चित्रे भारतीय वेशात रंगवली.

कागदी ताऱ्यामागे असा कोणी एक ज्ञात रचनाकार नाही. तो घराघरांत, मुलांच्या व शेजाऱ्यांच्या हातून तयार होत आला आहे. तरीही साहित्यात आणि चित्रकलेत जी प्रक्रिया दिसते, तीच येथेही दिसते. दिवाळीत वापरल्या जाणाऱ्या कामट्या, खळ, पतंगाचा कागद आणि झिरमिळ्या नाताळातही वापरल्या जातात. केवळ आकार आणि त्यामागील कथा बदलते. महाराष्ट्रातील शाळांत कार्यानुभवाच्या तासाला आकाशकंदील शिकवला जात असल्याने हे कौशल्य सर्व धर्मांच्या मुलांना परिचित असते.

पोर्तुगीजांनी १५३४ ते १७३९ या काळात राज्य केलेल्या वसई भागात आजही मोठी ख्रिस्ती वस्ती आहे. येथे ताऱ्याच्या जोडीने येशूजन्माचा देखावा, म्हणजे 'गोठा', उभारला जातो. गावातील तरुण मंडळी एकत्र येऊन कागद, गवत, माती, बांबू यांपासून रस्त्याच्या कडेला मोठे गोठे तयार करतात. गोव्यातही गोठ्यांच्या आणि ताऱ्यांच्या स्पर्धा भरवल्या जातात.

साहित्य

पारंपरिक ताऱ्यासाठी बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगाचा किंवा जिलेटीनचा रंगीत कागद आणि गव्हाच्या पिठाची किंवा मैद्याची खळ लागते. कामट्या सारख्या जाडीच्या, गाठ नसलेल्या व लवचिक असाव्या लागतात. गाठ असलेली कामटी वाकवताना मोडते. पतंगाचा कागद प्रकाश पसरवतो, त्यामुळे तारा आतून उजळलेला दिसतो. जिलेटीनचा कागद पारदर्शक असल्याने त्यातून आतील दिवा थेट दिसतो. सांगाडा न करता तारा करायचा असल्यास कार्डशीट वापरतात आणि घडीच्या रेषेवर बोथट टोकाने आखून मग कागद दुमडतात.

रचना

पाच टोकांच्या ताऱ्यासाठी सारख्या लांबीच्या दहा कामट्या घेतात. पाच कामट्या एकमेकींवरून आडव्या ठेवून एक सपाट तारा बांधतात आणि उरलेल्या पाचांचा तसाच दुसरा तारा करतात. या आकृतीत प्रत्येक टोकाचा कोन ३६ अंशांचा असतो आणि प्रत्येक कामटीला दुसऱ्या दोन कामट्या छेदतात. हे छेद कामटीच्या प्रत्येक टोकापासून लांबीच्या सुमारे ३८.२ टक्के अंतरावर येतात. उदाहरणार्थ, कामटी ६० सेंटिमीटर लांब असेल, तर तिचे तीन भाग अनुक्रमे २२.९, १४.२ आणि २२.९ सेंटिमीटर होतात. ही मापे आधीच खुणेने दाखवली, तर तारा कोठेही तिरका होत नाही. लांब व आखूड भागांचे हे प्रमाण भूमितीत सुवर्ण गुणोत्तर म्हणून ओळखले जाते.

दोन्ही सपाट तारे एकावर एक ठेवून त्यांची पाच टोके घट्ट बांधतात. त्यानंतर मधल्या पंचकोनाच्या पाच कोपऱ्यांवर, समोरासमोरच्या छेदबिंदूंच्या मध्ये, ८ ते १० सेंटिमीटर लांबीच्या पाच आडव्या काड्या बसवतात. या काड्या दोन्ही ताऱ्यांना एकमेकांपासून दूर ढकलतात. कामट्या किंचित वाकतात आणि सांगाड्याला फुगीर आकार येतो. ताण सर्वत्र सारखा राहावा म्हणून पाचही काड्यांची लांबी सारखी असणे आवश्यक असते.

तयार सांगाड्यावर एकूण २२ जागा कागदाने झाकायच्या असतात: पुढे व मागे मिळून दोन पंचकोन, टोकांचे दहा त्रिकोण आणि बाजूचे दहा अरुंद त्रिकोण. कामट्या वाकल्यामुळे मापे थोडी बदलतात. म्हणून कागद कापण्यापूर्वी माप सांगाड्यावरूनच घेतात आणि चिकटवण्यासाठी कडेने सुमारे एक सेंटिमीटर जास्त कागद ठेवतात. दिवा आत सोडण्यासाठी बाजूचा एक त्रिकोण मोकळा राखतात. पूर्वी आत पणती किंवा मेणबत्ती ठेवली जाई व कागद पेटण्याचा धोका असे. विजेच्या साध्या बल्बची उष्णताही कागदाला घातक ठरू शकते. कमी उष्णता निर्माण करणाऱ्या एलईडी दिव्यांमुळे हा धोका बराच कमी झाला आहे. तरीही दिवा कागदाला टेकणार नाही अशी काळजी घ्यावी लागते.

शुभेच्छापत्रे आणि चिकटवह्या

ताऱ्याबरोबरच नाताळच्या काळात शुभेच्छापत्रे आणि चिकटवह्या यांसारखे कागदकामही केले जाते. छापील नाताळ शुभेच्छापत्राचा आरंभ १८४३ मध्ये लंडनमध्ये झाला. हेन्री कोल यांच्या सूचनेवरून जॉन कॅलकॉट हॉर्स्ली यांनी त्याचे चित्र काढले होते. हाताने केलेल्या शुभेच्छापत्रावर बायबलमधील एखादे वचन सुवाच्य अक्षरात लिहून त्याभोवती तारा, गव्हाणी किंवा कबुतर यांची कातरकामाची आकृती चिकटवतात. अशी पत्रे सणापुरती मर्यादित नसतात. आजारी, वृद्ध किंवा शोकग्रस्त व्यक्तीला धीर देण्यासाठीही ती दिली जातात. अशा वेळी सजावट साधी ठेवून वचन ठळक लिहिणे उचित मानले जाते.

चिकटवहीत चित्रे, कात्रणे, वचने आणि कुटुंबातील बाप्तिस्मा, विवाह यांसारख्या प्रसंगांची छायाचित्रे क्रमाने चिकटवलेली असतात. रविवारच्या शाळेत मुले बायबलमधील कथांची चित्रे अशा वह्यांत लावतात. शुभेच्छापत्र दुसऱ्याला देण्यासाठी असते, तर चिकटवही घरातच राहते आणि कौटुंबिक स्मृती जपते. ती दीर्घकाळ टिकावी यासाठी आम्लविरहित कागद वापरणे हितकारक असते, कारण आम्लयुक्त कागद काळानुसार पिवळा पडून ठिसूळ होतो.

मराठवाड्यातील संदर्भ

मराठवाड्यात ख्रिस्ती समाज संख्येने लहान असून विखुरलेला आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालना परिसरात कार्य केले आणि बेथेल ही ख्रिस्ती वसाहत स्थापन केली. मराठवाड्याला कागदनिर्मितीचाही जुना वारसा आहे. दौलताबादजवळील कागजीपुरा हे गाव हातकागदासाठी प्रसिद्ध असून त्याचे नावच या व्यवसायावरून पडले आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. या जिल्ह्यातील जवळा बाजारसारख्या बाजारपेठेच्या गावात तारा करण्यासाठी विशेष साहित्याची गरज भासत नाही. कामटी, दोरा, पतंगाचा कागद आणि पीठ एवढे मिळाले की पुरते. जेथे ख्रिस्ती घरे मोजकी असतात, तेथे दारावरील ताऱ्याला आणखी एक अर्थ प्राप्त होतो: त्या घरी सण आहे, हे शेजाऱ्यांना त्यावरून कळते.

बदल आणि पर्यावरण

बाजारात तयार मिळणारे प्लास्टिकचे, घडीचे आणि विजेच्या माळांचे तारे आता सर्वत्र दिसतात. ते स्वस्त, पावसात टिकणारे आणि अनेक वर्षे वापरता येण्यासारखे असतात. वेळ नसलेल्या कुटुंबांना त्यांचा मोठा उपयोग होतो. मात्र ते निकामी झाल्यावर त्यांचा कचरा उरतो. बांबू, साधा कागद आणि खळ यांचा तारा मातीत मिसळतो. सांगाडा जपून ठेवल्यास दरवर्षी केवळ कागद बदलावा लागतो. जिलेटीन म्हणून विकला जाणारा चकचकीत कागद अनेकदा प्लास्टिकचाच असतो, हे खरेदी करताना लक्षात घ्यावे लागते. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. सजावटीच्या थर्माकोलचाही तीत समावेश असल्याने देखाव्यांसाठी कागद, पुठ्ठा व बांबू यांचे महत्त्व वाढले.

तयार ताऱ्यामुळे प्रतीक टिकून राहते, परंतु ते घडवण्याची सामूहिक क्रिया गळून पडते. कामट्या धरायला एक, बांधायला दुसरा आणि कागद लावायला तिसरा लागतो. हे काम चालू असताना घरातील मोठी माणसे मुलांना ताऱ्याची कथा सांगतात. त्यामुळे हाताने केलेला तारा ही सजावटीची वस्तू असण्याबरोबरच एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे श्रद्धा आणि कौशल्य पोहोचवण्याचे साधनही आहे.