शरभ

शरभ : प्राचीन व मध्ययुगीन भारतीय वाङ्‌मयात वर्णिलेला एक अद्‌भुत, काल्पनिक पशू. आठ पायांच्या कल्पनेवरून त्यास ‘अष्टापद’ असेही म्हणतात. आरंभी त्याचे रूप इतके भयंकर नव्हते. यज्ञीय अंश निघून गेलेल्या बोकडाचा शरभ झाला, असे ऐतरेय ब्राह्मणात म्हटले आहे. पाली सरभजातकातील शरभ तर मृगच आहे. महाभारतात मात्र तो सिंहालाही मारणारा अष्टपाद पशू बनतो. शांतिपर्वातील एका कथेत ऋषिकृपेने कुत्र्याचा क्रमाने वाघ, हत्ती, सिंह व अखेर शरभ होतो. तो ऋषीवरच उलटू पाहतो, तेव्हा त्याला पुन्हा कुत्रा व्हावे लागते.

नरसिंहाचा क्रोध शमविण्यासाठी शिवाने पंख असलेल्या शरभाचे रूप घेतले, अशी कथा लिंगपुराणात आहे. तमिळनाडूतील दारासुरम् येथील ऐरावतेश्वर मंदिरात (बारावे शतक) शरभेश्वराची मूर्ती आढळते. वैष्णवांनी यास प्रत्युत्तर म्हणून नरसिंहाला गंडभेरुंडाचे, म्हणजे दोन मुखांच्या पक्ष्याचे, रूप दिले. कर्नाटकात सिंहाचे धड व हत्तीचे मस्तक असलेल्या पशूला शरभ म्हणतात. म्हैसूर विद्यापीठाच्या बोधचिन्हात तो दिसतो. सिंहाचे धड व गरुडाचे डोके असलेला ग्रीकांचा ग्रिफिन हा त्याचा दूरचा सोबती; क्टीसियस या ग्रीक लेखकाने त्याचे वसतिस्थान भारतात मानले होते.

महाराष्ट्रात शरभ हे नाव मुख्यतः किल्ल्यांच्या दरवाजांवरील शिल्पांना दिले जाते. रायगड जिल्ह्यातील मुरूड-जंजिरा या सिद्दींच्या जलदुर्गाच्या प्रवेशद्वारावर पंजांत हत्ती पकडलेला व्याघ्रसदृश पशू कोरलेला आहे. शिवनेरीच्या दरवाजांवरही शरभशिल्पे आहेत. या पशूंना पाय चारच असतात; त्यामुळे ग्रंथोक्त शरभाशी त्यांचा मेळ बसत नाही व काही अभ्यासक त्यांना शार्दूल किंवा व्याल म्हणणे पसंत करतात. हत्ती म्हणजे पराभूत शत्रुसत्ता, हा अर्थ लोकप्रिय असला, तरी पायाखालचा प्रत्येक हत्ती विशिष्ट राजवटीचे चिन्ह मानणे धाडसाचे ठरते. हिंदू व मुस्लिम अशा दोन्ही सत्तांच्या दुर्गांवर ही शिल्पे आढळतात, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

अमरावती जिल्ह्यातील गाविलगडाचा शार्दूल दरवाजा या दृष्टीने महत्त्वाचा होय. तेथे हत्तींना दाबून धरणाऱ्या सिंहांबरोबर गंडभेरुंडही आहे. विजयानगरच्या अच्युतरायाच्या (कार. १५२९–४२) नाण्यांवर गंडभेरुंड हत्तींसह आढळतो, इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमादुल्मुल्क हाही मूळचा विजयानगरच्या मुलखातील होता.